युतीचे घर ठरविणारा गणिती : व्यंकटेश बापूजी केतकर

२८ मे २००० रोजी गुरू आणि शनी हे दोन संथ ग्रह आकाशात एकमेकांजवळ आले. सुमारे वीस वर्षांनी एकदा होणारी ही युती. दोन्ही ग्रह सूर्याच्या फार जवळ असल्याने ती बहुतेकांना दिसली नाही. ती होती पंचांगाच्या पानांत. त्या दिवशी पुण्यात जन्मलेल्या बालकाची पत्रिका बहुसंख्य पंचांगांवरून मांडली, तर ही युती मेष राशीच्या एकोणतिसाव्या अंशात पडते. तीच पत्रिका टिळक पंचांगाच्या गणिताने मांडली, तर युती वृषभेच्या तिसऱ्या अंशात जाते.

फलज्योतिषाच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. मेष ही शनीची नीच रास. तिचा स्वामी मंगळ हा गुरूचा मित्र. म्हणजे मेषेतील युतीत शनी दुबळा आणि गुरू बळकट ठरतो. वृषभेचा स्वामी शुक्र हा शनीचा मित्र, पण गुरूचा शत्रू. तेथे पारडे उलट फिरते. बालक तेच, क्षण तोच, ग्रह तेच. तरीही एका ज्योतिषाने गुरूच्या बाजूने कौल द्यावा आणि दुसऱ्याने शनीच्या, अशी ही अवस्था. दोघांपैकी कोणाचेही गणित चुकलेले नसते. मतभेद असतो तो एकाच प्रश्नावर : राशिचक्राचा आरंभ, म्हणजे मेषेचा पहिला बिंदू, आकाशात नेमका कोठे मानायचा?

आज देशातील बहुतेक पत्रिका या प्रश्नाच्या ज्या उत्तरावर मांडल्या जातात, त्याची बाजू महाराष्ट्रात सर्वांत भक्कमपणे मांडली ती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी. पत्रिका पाहणाऱ्यांपैकी आणि दाखविणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

केतकरांचा जन्म जानेवारी १८५४ मधला, धारवाडकडील नरगुंदचा. ते चार वर्षांचे असताना याच नरगुंदच्या संस्थानिकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि संस्थान खालसा झाले. मराठी आणि कन्नड एकमेकांत मिसळलेल्या या प्रदेशातच केतकरांचे बरेचसे आयुष्य गेले. १८७४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. नोकरी शाळेची, कोणत्याही वेधशाळेचा आधार पाठीशी नव्हता. ग्रहगणिताचे त्यांचे सारे काम शाळा सांभाळून झाले.

केतकरांच्या तरुणपणी महाराष्ट्रातील पंचांगांची स्थिती विचित्र होती. बहुतेक जोशी पंचांग करीत ते गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून. जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे हे गणेश दैवज्ञ. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे जातकावरील ग्रंथ लिहिणारे ज्योतिषी होतेच, पण त्यांना प्रत्यक्ष आकाश पाहण्याचे वेडही होते. ग्रहांच्या एकमेकांशी आणि ताऱ्यांशी होणाऱ्या युती डोळ्यांनी पाहायच्या, त्या ग्रंथांतील गणिताशी ताडायच्या आणि जेथे अंतर पडेल तेथे गणित सुधारायचे, ही त्यांची रीत. मुलाने तीच पुढे नेली आणि शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ज्या-कोटीच्या किचकट आकडेमोडीला फाटा देणारे ग्रहलाघव सिद्ध केले. युतीचे फळ सांगण्यापूर्वी ती आकाशात खरोखर होते की नाही हे पाहावे, हा धडा महाराष्ट्राला नांदगावच्या या बापलेकांनी दिला होता.

पुढच्या साडेतीनशे वर्षांत तो धडा मागे पडला आणि ग्रंथ तेवढा उरला. कोणत्याही करणग्रंथात असतात त्या बारीक चुका वर्षागणिक साचत गेल्या. एकोणिसाव्या शतकात पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांत काही वेळा अंशांचे अंतर पडू लागले. गुरू-शनीसारख्या मंदगती ग्रहांच्या बाबतीत एका अंशाची चूक म्हणजे युतीच्या दिवसात दहा-वीस दिवसांची चूक. पंचांगात युती उलटून गेलेली आणि आकाशात ती अजून व्हायची आहे, असा प्रसंग यायला वेळ लागत नसे. ग्रहणाच्या बाबतीत तर चूक सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत उघडी पडे.

या दुखण्यावर पहिला मोठा उपाय केला तो पुण्याच्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी. युरोपीय गणितावरून त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर १८६५ मध्ये नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. काशीला बापूदेव शास्त्री हेही लंडनच्या नॉटिकल अल्मनॅकवरून पंचांग काढू लागले. पुढे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या तिघांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. राशिचक्राचा आरंभ ताऱ्यांपासून नव्हे, तर वसंतसंपातापासून धरावा, ऋतू आणि सण यांची ताटातूट होऊ देऊ नये, असे सायनवाद्यांचे म्हणणे.

केतकर या वादात उतरले ते निरयन बाजूने, पण सुधारकांच्याच गोटातून. आकाशातील ग्रह जेथे दिसतो तेथेच तो पंचांगात असला पाहिजे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. मात्र नॉटिकल अल्मनॅक दरवर्षी विलायतेहून येणार आणि त्यावर इकडचे पंचांग होणार, ही परावलंबी व्यवस्था किती काळ चालणार? गावातल्या जोशाला स्वतःच्या ओसरीवर बसून ग्रह काढता आले पाहिजेत, तर त्यासाठी नवे ग्रहलाघव हवे. युरोपातील त्या काळच्या अचूक कोष्टकांचे सार काढून, ते भारतीय पद्धतीच्या अहर्गणात, अंश-कलांत आणि संस्कृत पद्यात बसवून केतकरांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ १८९०च्या दशकात सिद्ध केला. दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या कामाची नोंद घेतली. पुढे ‘वैजयंती’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ आले. ‘केतकी’ हे नाव आडनावावरून आलेले आणि फुलाचेही. रुक्ष कोष्टकांच्या या माणसाला शब्दांची हौस होती, असे मानायला हरकत नाही.

ग्रहांचे स्थान असे निश्चित झाले, तरी अर्धेच काम झाले. ग्रह आकाशात कोठे आहे हे दुर्बिणीने कळते. तो कोणत्या राशीत आहे हे दुर्बीण सांगू शकत नाही. राशिचक्र म्हणजे सूर्याच्या मार्गावर आखलेली तीनशे साठ अंशांची पट्टी. तिचे शून्य कोठे, हे माणसाने ठरवायचे असते. वसंतसंपात हा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरकतो. बहात्तर वर्षांत जवळपास एक अंश. ताऱ्यांना चिकटलेले निरयन शून्य आणि सरकणारा संपात यांच्यातील अंतर म्हणजे अयनांश. निरयन पत्रिकेत प्रत्येक ग्रहाच्या स्थानातून हे अयनांश वजा केले जातात. त्यांत चूक किंवा मतभेद झाला, की लग्नासह सारी कुंडली एकदम मागेपुढे सरकते. युतीतील दोन ग्रहांमधले अंतर बदलत नाही. पण युती कोणाच्या घरात बसली आहे, ते बदलू शकते. चंद्राचे नक्षत्र आणि त्यावरून काढलेल्या दशाही हलतात. अयनांशांत चार अंशांचा फरक पडला, तर शनीच्या एकोणीस वर्षांच्या महादशेत साडेपाच वर्षांहून अधिक अंतर पडते.

हे चार अंश काल्पनिक नव्हेत. महाराष्ट्राने त्यांच्यावरून दीर्घकाळ भांडण केले आहे.

प्राचीन ग्रंथांत निरयन शून्याची खूण म्हणून दोन ताऱ्यांचा आधार घेता येतो. सूर्यसिद्धांतात रेवतीची योगतारा शून्याला जवळजवळ लागून सांगितली आहे, तर चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर, म्हणजे शून्याच्या समोर. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असती, तर वाद उद्भवलाच नसता. प्रत्यक्षात आकाशातील चित्रेच्या समोरचा बिंदू आणि रेवतीची मानलेली तारा यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. छत्रे यांनी रेवती घेतली. ही तारा क्रांतिवृत्ताच्या अगदी निकट आहे, हा तिचा गुण. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी ती अंधूक आहे, हा दोष. केतकरांनी चित्रा घेतली. ती पहिल्या प्रतीची, ठळक तारा. शेतकऱ्यालाही बोटाने दाखविता येते. तिच्या ओळखीविषयी कधी कोणाला शंका आली नाही.

ताऱ्याच्या तेजापेक्षा व्यवहारातील कारण अधिक वजनदार होते. १८९८च्या सुमारास ग्रहलाघवाच्या रीतीने अयनांश जवळपास तेवीस येत. चित्रापक्षाने ते सुमारे साडेबावीस येत, तर रेवतीपक्षाने अवघे साडेअठरा. म्हणजे चित्रा स्वीकारली, तर ग्रहांची स्थाने शुद्ध होऊनही संक्रांती, अधिक मास आणि लोकांच्या जन्मराशी बहुतांशी होत्या तेथेच राहणार होत्या. रेवती स्वीकारली, तर सगळ्याच संक्रांती चार दिवस अलीकडे येणार होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कितीतरी पत्रिकांतील ग्रहांच्या राशी बदलणार होत्या. गणिताची शुद्धी करायची, पण समाजाची कालगणना मोडायची नाही, ही चित्रापक्षाची भूमिका होती.

रेवतीच्या बाजूने जे उभे राहिले, ते मात्र साधेसुधे नव्हते. लोकमान्य टिळक हे केरूनाना छत्र्यांचे डेक्कन कॉलेजातील विद्यार्थी. वेदकालनिर्णयासाठी संपातचलनाचा अभ्यास केलेला गणिती आणि शिवाय ‘केसरी’चे संपादक. पंचांगशोधनाच्या चळवळीत त्यांचा मोठा वाटा होता. मुंबईत १९०४ साली, पुण्यात १९१७ साली आणि सांगलीत १९२० साली ज्योतिष परिषदा झाल्या. देशाच्या राजकारणाचा भार डोक्यावर असताना टिळकांनी अयनांशांसाठी वेळ काढावा, याचे आज नवल वाटते. रेवतीपक्षाचे शुद्ध पंचांग पुढे टिळकांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. सांगलीची परिषद झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळकांचे निधन झाले. त्यानंतर टिळक पंचांग हा अनेकांच्या दृष्टीने केवळ गणिताचा विषय राहिला नाही.

अशा माणसाच्या विरुद्ध बागलकोटच्या एका शिक्षकाने उभे राहणे सोपे नव्हते. केतकरांनी ‘शास्त्रशुद्ध पंचांग अयनांश निर्णय’ या ग्रंथातून आपली बाजू मांडली आणि ती सोडली नाही. पुण्यामुंबईत त्यांच्या हाती ना वृत्तपत्र होते, ना अनुयायांचा मेळा. त्यांच्याकडे होती ती कोष्टके.

कोष्टकांची ही शिस्त त्यांनी इतिहासालाही लावली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १९२३ मध्ये त्यांचा भारतीय आणि परदेशी कालगणनांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी ३१०२ पासून इसवी सन २१०० पर्यंतचा काळ त्यात घेतलेला आहे. भारतीय कालमानांबरोबर चिनी, ज्यू आणि कॉप्टिक कालगणनाही आहेत. आरंभीचे ३१०२ हे वर्ष कलियुगारंभाचे. सिद्धांतग्रंथांच्या समजुतीनुसार त्या क्षणी सारे ग्रह मेषारंभी एकत्र होते. भारतीय परंपरेतील ही सर्वांत मोठी युती. आधुनिक गणिताने मागे जाऊन पाहिले, की त्या दिवशी ग्रह एका बिंदूत नव्हे, तर सुमारे चाळीस अंशांच्या पट्ट्यात पसरलेले आढळतात. कलियुगारंभ हा गणनेच्या सोयीचा खुंटा म्हणून उत्तम. पाहिलेली युती म्हणून नव्हे. केशव दैवज्ञांच्या रीतीने तपासले, तर हे उघडच आहे.

केतकरांच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडली जाते, ती ग्रहशोधाची. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असा लेख लिहिला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतीत लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने जो मेळ दाखविला होता, तो युरेनस आणि नेपच्यूनला लावून केतकरांनी हे अनुमान केले. या ग्रहांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षे. फेब्रुवारी १९३० मध्ये अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट आणि काळ सुमारे २४८ वर्षे.

या जवळिकीवरून केतकरांनीच प्लूटो शोधला, असे अभिमानाने सांगणारे लेख अधूनमधून येतात. तसे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे आहे. आकाशाच्या कोणत्या भागात हा ग्रह शोधावा, हे त्यांनी दिले नव्हते. त्यांचा विष्णू कधीच सापडला नाही. आणि प्लूटोलाही २००६ मध्ये बटुग्रहांत जावे लागले. बागलकोटसारख्या गावातील शिक्षकाने पॅरिसच्या पत्रिकेत सूर्यमालेच्या सीमेविषयी लिहिले, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. प्लूटो सापडला त्याच वर्षी, १९३० मध्ये, केतकरांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दत्तराज यांनी वडिलांच्या ग्रंथांचे काम पुढे चालविले.

अयनांशांचा निकाल लागायला आणखी पंचवीस वर्षे गेली. स्वतंत्र भारतात तेव्हा तीसएक निरनिराळी पंचांगे प्रचारात होती. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते, तर कोलकात्याचे निर्मलचंद्र लाहिरी सचिव. १९५५च्या अहवालात समितीने नागरी दिनदर्शिका सायन ठेवली. धार्मिक पंचांगांसाठी मात्र चित्रापक्ष स्वीकारला आणि २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला ठरवून दिले. केतकरांनी ज्या ताऱ्यासाठी टिळकांशी वाद घातला, तीच तारा अशा रीतीने अधिकृत झाली. नाव मात्र सचिवांचे लागले. आज पत्रिका मांडणाऱ्या संगणक-प्रणालींत अयनांशांची निवड करायची वेळ आली, की समोर येते ते लाहिरी हे नाव.

ग्रहांची युती माणसाच्या आयुष्यावर परिणाम करते की नाही, या प्रश्नाचा या विजयाशी संबंध नाही. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवून चाचणी घेतली. २७ ज्योतिषांनी तीत भाग घेतला. त्यांची उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडविले असते, तरी निम्मी बरोबर आली असती. केतकरांचे ‘केतकी’, ‘वैजयंती’ आणि ‘ज्योतिर्गणितम्’ हे गणिताचे ग्रंथ आहेत. ग्रह कोठे आहे, हे ते सांगतात. तो काय करतो, हे नव्हे. फळ सांगणारा आणि फळ नाकारणारा, दोघांनाही आकाश तेच लागते. आणि फळ सांगणाऱ्याला तर कोणाचे अयनांश घेतले, हे आधी सांगावे लागते. २८ मे २००० रोजी जन्मलेल्यांच्या पत्रिका आता विवाहासाठी बाहेर पडत आहेत. त्या जुळविताना हा प्रश्न किती जण विचारतात?

टिळक पंचांग मानणारी घरे पुण्यात आणि कोकणात अजूनही आहेत. २०२३ मध्ये बहुतेक महाराष्ट्रात अधिक श्रावण आला आणि गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांगाच्या गणिताने सिंहसंक्रांत चार दिवस अलीकडे आल्यामुळे तो महिना अधिक ठरलाच नाही. या घरांत २० ऑगस्टलाच गणपती आले आणि शेजारी मोदकांचे आमंत्रण घेऊन गेले, तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी श्रावण नुकताच सुरू झाला होता.